सैंधव आलं, आयोडीन गेलं

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. पाकिटातलं पांढरं मीठ म्हणजे निव्वळ केमिकल, त्यात सायनाइड घालतात, त्यानंच बीपी वाढतं. सैंधवात मात्र ८४ खनिजं असतात, असं त्यात होतं. त्याच सुमारास यांना (वय ५६) बीपी निघालं आणि टेल्मिसार्टनची गोळी सुरू झाली. म्हणून मी पांढरं मीठ बंद करून सगळ्या स्वयंपाकाला गुलाबी सैंधव वापरायला लागले. घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांचं क्रिएटिनिन वाढलेलं असतं. मुलगा आणि सून आहेत, सुनेला तिसरा महिना आहे. किलोचं पाकीट वीस दिवसांत संपतं. यांचं बीपी काही उतरलं नाही. आता शेजारच्या वहिनींनी ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट आणून दिलंय. ओट्यावर सैंधव, ताकाला पादेलोण, लोणच्याचं खडेमीठ आणि हे नवं, अशी चार मिठं झाली. नक्की कुठलं वापरू? आणि घाऊक आणलेलं चार किलो सैंधव अजून डब्यात आहे, त्याचं काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक काम सांगते, ते आज संध्याकाळच्या स्वयंपाकापासूनच करा. वाण्याकडून साध्या मिठाचं पाकीट आणा, त्यावर ‘आयोडीनयुक्त’ असं लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या, आणि रोजच्या आमटी-भाजीला तेच वापरा. बीपीचं, सोडियमचं, खनिजांचं पुढं सगळं बोलू. ते चार दिवसांनी केलंत तरी चालेल, पण हे आजच व्हायला हवं, कारण तुमच्या घरात तिसऱ्या महिन्यातली सून आहे.

पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर हळूहळू कामाला लागते. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉईडचं संप्रेरक त्याला आईकडूनच मिळतं, आणि आईच्या शरीरात ते तयार व्हायला आयोडीन लागतं. एरवी मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, गरोदर बाईला २५० लागतं. दुकानात मिळणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. आपल्याकडच्या बहुतेक घरांत आयोडीनचा खात्रीचा आधार म्हणजे हे मीठच. थोडं दुधातून, अंड्यातून, मासळीतून मिळतं, पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. तुमचं सुटं घाऊक सैंधव बिनआयोडीनचं असणार, जवळजवळ खात्रीनं. म्हणजे सहा महिने घरातला मुख्य झराच बंद आहे.

घाबरून जाऊ नका. सूनबाईंच्या पुढच्या तपासणीला डॉक्टरांना एवढंच सांगा, की सहा महिने घरात बिनआयोडीनचं सैंधव होतं. थायरॉईडची तपासणी गरोदरपणात बहुतेक ठिकाणी करतातच. तिचा अहवाल बघून आणखी आयोडीन द्यायचं का, ते डॉक्टरच ठरवतील. मनानं आयोडीनच्या गोळ्या आणू नका, जास्त झालेलं आयोडीनही थायरॉईडला सोसत नाही.

आयोडीनचं हे खूळ कंपन्यांनी काढलं, असंही तुमच्या दिरांच्या मेसेजसारख्या मेसेजांत असतं, म्हणून थोडा इतिहास सांगते. आज हिमाचल प्रदेशात असलेल्या कांगडा खोऱ्यात गावंच्या गावं गलगंडानं, म्हणजे आयोडीनअभावी थायरॉईड सुजून गळा फुगण्याच्या आजारानं, ग्रासलेली होती. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं एक साधा प्रयोग केला : खोऱ्याच्या काही भागाला आयोडीन घातलेलं मीठ दिलं, एका भागाला नेहमीचं. काही वर्षांत आयोडीनच्या भागातला गलगंड स्पष्ट कमी झाला. त्या कामाच्या जोरावर १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. डोंगराळ मुलखात पावसापाण्यानं जमिनीतलं आयोडीन वाहून जातं, म्हणून हिमालयाच्या पायथ्याला हा आजार इतका होता. ज्या मिठावर आपण ‘हिमालयन’ हे नाव वाचून विश्वास टाकतो, त्याच हिमालयाच्या कुशीतल्या लोकांना आयोडीनच्या मिठानं वाचवलं, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. गलगंड निदान दिसतो तरी. बाळाच्या बुद्धीत जी उणीव राहते ती कुणाला दिसत नाही आणि नंतर भरूनही निघत नाही.

आता सैंधवाकडे येऊ. सिंधूच्या मुलखातलं म्हणून सैंधव. मे २०२५ मध्ये पाकिस्तानातून होणारी आयात बंद होईपर्यंत आपल्याकडे येणारं गुलाबी सैंधव बहुतेक तिथल्या पंजाबातल्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथं समुद्र होता, तो आटला आणि त्याचं मीठ दगडात गाडलं गेलं. म्हणजे मुळात तेही समुद्राचंच मीठ. त्याला गुलाबी रंग येतो तो लोहाच्या अंशामुळे. शंभर ग्रॅम सैंधवात साधारण ९७-९८ ग्रॅम सोडियम क्लोराइडच असतं आणि पाकिटातल्या पांढऱ्या मिठात ९८-९९. तुमच्या यजमानांच्या रक्तदाबाला त्रास देतं ते सोडियम. दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात ते सुमारे २,००० मिलिग्रॅम असतं आणि सैंधवानं त्यात फरक पडला तर फार तर चाळीसेक मिलिग्रॅमचा. एवढ्यानं कुणाचं बीपी उतरत नाही. ते उतरलं नाही यात तुमचं काहीच चुकलेलं नाही.

आणि ती ८४ खनिजं? असतीलही, पण किती, ते बघायला हवं. दिवसाला ५ ग्रॅम सैंधव खाल्लं तर त्यातून पोटॅशियम मिळेल काही मिलिग्रॅम. एका मध्यम केळ्यात ते चारशेच्या आसपास असतं. लोह हवं असेल तर सुनेला पालेभाज्या आणि कडधान्यं द्या, कॅल्शियम हवं असेल तर नाचणी आणि दूध द्या. ही खनिजं मिठातून मिळवायची म्हटली तर मूठ-मूठ मीठ खावं लागेल.

आयुर्वेदात सैंधव श्रेष्ठ सांगितलंय, हे माझ्याकडे येणारे बरेच जण ऐकवतात, आणि ते खरंच आहे. चरकसंहितेत सगळ्या लवणांमध्ये सैंधव हितकर म्हटलं आहे. पण त्याच ग्रंथात दुसरीकडे तीन पदार्थ अती प्रमाणात वापरू नयेत असंही बजावलंय : पिंपळी, क्षार आणि लवण. पहिलं वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, दुसरं फारसं कुणी सांगत नाही. मला विचाराल तर तुमच्या घराला आज दुसऱ्याचीच जास्त गरज आहे.

सायनाइडचं एकदा नीट समजून घ्या, म्हणजे मनातली भीती जाईल. मिठाला ओल लागून गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड नावाचा पदार्थ किलोमागे काही मिलिग्रॅम घालायला अन्नकायद्यात परवानगी आहे, आपल्याकडेही आणि युरोपातही. नावात सायनाइड आहे, पण तो भाग लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो, की पोटात किंवा फोडणीच्या पातेल्यात तो सुटत नाही. विष असतं ते सुट्या सायनाइडमध्ये. दिरांनी काळजीपोटीच पाठवलं असणार, त्यांनाही हे सांगा.

खडेमिठाबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. माझं आजोळ उरणच्या बाजूचं. तिथं मीठ ‘काढतात’ असं कुणी म्हणत नाही, मीठ पिकतं. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, उन्हानं ते आटू द्यायचं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी बांधावर मिठाचे ढीग लागायचे. पाऊस यायच्या आत ते ढीग गवतानं शाकारायचे. त्या मिठाचा खडा किंचित राखाडी असायचा, हातात घेतला की ओलसर लागायचा, आणि त्यात घातलेल्या कैरीच्या फोडी वर्षभर करकरीत राहायच्या. त्या चवीची सर पाकिटातल्या मिठाला नाही, हे मी मान्य करते. पण समुद्राचं म्हणून त्यात आयोडीन असेल, ही समजूत खरी नाही. समुद्राच्या पाण्यातच आयोडीन अगदी थोडं, आणि मीठ पिकेपर्यंत त्यातलं जवळजवळ काहीच उरत नाही. तेव्हा लोणच्याला, मासळी खारवायला, घसा धरला की गुळण्यांना खडेमीठ जरूर ठेवा. रोजच्या आमटीत नको.

पादेलोणाचं थोडक्यात सांगते. त्याला जो वास येतो तो गंधकाच्या संयुगांचा, उकडलेल्या अंड्याला येतो तसा. चिमूटभर ताकात चव येते, पण तेही मीठच आहे. तुमचे यजमान दोन वेळा ताक घेत असतील आणि प्रत्येक पेल्यात पाव चमचा पादेलोण पडत असेल, तर ते दिवसाच्या हिशेबात धरावं लागेल. ताकाला जिरं भाजून कुटून घाला, आलं-कोथिंबीर घाला, मग मीठ निम्म्यावर आणलं तरी ताक बेचव लागणार नाही.

आता त्या चौथ्या पाकिटाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली दुसरी धोक्याची गोष्ट तीच आहे. वहिनींनी प्रेमानं दिलंय, पण ते उघडू नका.

‘लो सोडियम’ मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. ही फसवाफसवी नाही, चांगली गोष्ट आहे. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर सुमारे पाच वर्षं याचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ज्यांना पाऊण भाग नेहमीचं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं, त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होतं. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनंही मोठ्या माणसांसाठी अशा मिठाचा विचार करावा असं सुचवलं, पण लहान मुलं, गरोदर बायका आणि मूत्रपिंड कमजोर असलेले लोक यांना त्या सल्ल्यातून वगळून. ताई, तुमच्या घरात या वगळलेल्यांपैकी दोघी आहेत.

क्रिएटिनिन वाढलेलं असणं म्हणजे सासूबाईंच्या मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद कमी झालेली असणं. जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. ते पडलं नाही तर रक्तात साठतं, आणि त्याची आधी काही लक्षणं दिसतीलच असं नाही. थेट हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय तुमचे यजमान घेतात ती टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम थोडं धरून ठेवणारी गोळी आहे. त्यांची मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर त्यांचे डॉक्टर कदाचित असं मीठ चालेल म्हणतीलही, पण ते रक्तातलं पोटॅशियम तपासूनच ठरवायचं. आणि तुमच्या घरी आमटीचं पातेलं एकच असतं, पाच माणसांची पाच पातेली नसतात. म्हणून हे मीठ तुमच्या स्वयंपाकघरात नको. वहिनींना परत देताना त्यांच्या घरी कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का, तेही विचारा.

मग बीपीसाठी करायचं काय? याचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे, आणि ते तुम्ही सहज लिहून गेलात : ‘किलोचं पाकीट वीस दिवसांत संपतं.’ हजार ग्रॅम भागिले वीस दिवस, म्हणजे रोजचं ५० ग्रॅम. पाच माणसांत माणशी १०. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, आणि आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचंही सांगणं तेच आहे. थोडं मीठ ओट्यावर सांडतं, भाज्या धुण्यात, लोणच्याच्या पाण्यात जातं, हे धरलं तरी आकडा दुप्पटीच्या जवळ आहे. आणि यात बाहेरून आणलेलं फरसाण, बिस्किटं, पाव, पापड आलेलेच नाहीत. पापडाच्या पिठात मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमचाच क्षार.

सैंधव आल्यावर मीठ उलट वाढलंय का, हेही आठवून बघा. भरड दळलेल्या सैंधवाचा कण मोठा, तो जिभेवर सावकाश विरघळतो, म्हणून खारटपणा कमी वाटतो आणि हात आपोआप आणखी एक चिमूट टाकतो. शिवाय ‘हे चांगलं मीठ आहे’ असं एकदा मनानं घेतलं की त्याला आवर घालायचं राहून जातं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत मी हे पाहिलंय.

उपाय अगदी साधा आहे. नवं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख लिहा. मग एका वाटीत दिवसाचं मीठ सकाळीच काढून ठेवा. सपाट भरलेला चहाचा चमचा बारीक मीठ म्हणजे साधारण ५ ग्रॅम, जरा वरच. सुरुवातीला पाच जणांत सात चमचे काढा. दोन आठवड्यांनी सहा, मग पाच, मग चार-साडेतीन. त्याखाली जायची घाई नको, कारण उरलेलं मीठ लोणच्यातून, ब्रेडमधून येतच असतं. सहा महिन्यांनी तुमचं किलोचं पाकीट पन्नास दिवसांच्या पुढं गेलं, तर मला फार आनंद होईल. जिभेला कमी मिठाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात ‘आज अळणी झालंय’ असं ऐकावं लागेल, तेव्हा मिठाचा डबा पुढं करू नका, लिंबाची फोड पुढं करा.

मीठ कमी करायला सोप्या जागा कुठल्या, ते सांगते. कणकेतलं मीठ आधी बंद करा, भाजीबरोबर खाताना कुणाच्या लक्षातही येत नाही. आपली ज्वारीची भाकरी बिनमिठाची असतेच, ती आठवड्यात चार दिवस तरी होऊ द्या. भाताच्या पाण्यात घालत असाल तर तेही नको. ताटात वर मधोमध मीठ वाढायची आपली रीत आहे, ती सणावारी ठेवा, रोजच्या ताटात तिथं लिंबू आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी येऊ दे, चटणीतही मीठ हात राखून. आमटीला मीठ शेवटी घाला. पहिली उकळी यायच्या आधी घातलेलं मीठ आत मुरतं आणि वरून पुन्हा घालावंसं वाटतं. शेवटी घातलं की आयोडीनही कमी उडतं. त्यासाठीच मिठाची बरणी गॅसच्या शेजारी उघडी ठेवू नका. झाकणाची चिनीमातीची बरणी ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यात असावी आणि ओला चमचा तिच्यात जाऊ नये.

सासूबाईंच्या बाबतीत एक काळजी घ्या. यजमानांचं मीठ कमी करण्याच्या उत्साहात त्यांना अगदी अळणी जेवण देऊ नका. या वयात, त्यातही लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम फार खाली जाऊन माणूस अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं, तोल जातो. त्यांना किती मीठ द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. शहाळ्याच्या पाण्याबद्दलही त्याच वेळी विचारा, त्यातही पोटॅशियम बरंच असतं.

यजमानांचं बीपी महिनाभर ठरावीक वेळी मोजून वहीत लिहा. गोळी अजिबात बंद करू नका. मीठ उतरत गेलं आणि वहीतले आकडे खाली आले, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीचं काय करायचं ते तेच ठरवतील.

राहिलं ते चार किलो सैंधव. ते नासत नाही, कोरड्या डब्यात वर्षानुवर्षं टिकतं, तेव्हा टाकायचा प्रश्नच नाही. सासूबाईंच्या एकादशीला, चतुर्थीला तेच वापरा. उपासाला सैंधव हवंच, आणि महिन्यातल्या त्या दोन-चार दिवसांनी सूनबाईंच्या आयोडीनला काही धक्का लागत नाही. गोड-आंबट लिंबाच्या लोणच्यालाही ते छान लागतं. तेवढं सोडून बाकीचं माळ्यावर ठेवा, आणि ओट्यावर रोजच्या हाताला एकच बरणी राहू द्या.